कोळशाची गाडी जावी, पण झाकून जावी



माघ-फाल्गुनाच्या दिवसांत लोंढ्याच्या आसपास, लोहमार्गाला लागून असलेल्या एखाद्या घरी सकाळी जाऊन पाहा. अंगणात वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या वाळत घातलेल्या असतात. त्यांतली एक मिरची उचलून बोटांनी चोळावी, तर बोटाला काळे लागते. दोरीवर रविवारच्या मिस्सेसाठी धुतलेला पांढरा सदरा असतो. त्याच्या खांद्यावर बारीक काळे कण बसलेले असतात. घरातली आजी सांगते, "मालगाडीचा आवाज आला की मी आधी माठावर फडके टाकते, मग बाकीचे काम." तिला हे कुणी शिकवलेले नाही. रोजच्या अनुभवाने ती शिकली आहे.

या पानावर आपण नेहमी भात, काजू, गुरे-ढोरे, ताप-खोकला यांविषयी बोलतो. आज रेल्वेविषयी लिहितो आहे म्हणून कुणी नवल करू नये. जी गोष्ट शेताच्या बांधाला लागून दिवसरात्र जाते आणि जिची धूळ पिकावर, विहिरीवर व लेकरांच्या छातीत उतरते, ती शेतीची आणि आरोग्याचीच बाब आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. गाडी बंद करा असे मी म्हणत नाही. गाडी जावी, पण कोळसा झाकून जावा, रिकामी वाघीण झाडून-धुऊन परत यावी, आणि रुळाखालून पावसाचे पाणी पूर्वीसारखे वाहावे. एवढेच मागायचे आहे. परंतु एवढे मागायलासुद्धा आपण कचरतो, हे आपल्या धर्मग्रामाचे खरे दुखणे आहे.

हा मार्ग आपला कसा झाला

लोंढ्याला तीन वाटा फुटतात. एक खानापूर, बेळगाव करून मिरजेकडे जाते, दुसरी अळणावर, धारवाड करून हुबळीकडे, आणि तिसरी तिनईघाट, कॅसलरॉक करून घाट उतरून गोव्यात. ही तिसरी वाट मुरगाव बंदरासाठी बांधली गेली. १८७८ साली पोर्तुगीज व इंग्रज सरकारांत तह झाला, आणि त्यानंतरच्या दशकात बंदर व लोहमार्ग उभे राहिले. त्या वेळी मार्ग मीटरगेज होता. १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला आणि मोठ्या, जड मालगाड्यांना रस्ता मोकळा झाला.

या मार्गाने आपल्याला पुष्कळ दिले आहे. घाटावरच्या रेल्वे वसाहतींत आपलीच माणसे राहिली. कुणी गँगमन, कुणी फिटर, कुणी गार्ड. रेल्वेच्या पगारावर लेकरे शिकली, घरे कौलारू झाली. सणासुदीला गोव्यातल्या पाहुण्यांकडे जायचे तर हीच गाडी. म्हणून लोहमार्गाविषयी बोलताना मनात कृतघ्नपणा येऊ देऊ नये.

पण मार्गावरून काय जाते हे बदलले आहे. मुरगाव बंदरात ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांतून जहाजांनी कोळसा येतो. तिथून तो वाघिणींत भरून वेळसांव, कासावली, चांदर, कुडचडे, सावर्डे, कुळे या गावांतून घाट चढतो, आपल्या दारावरून जातो आणि होस्पेटच्या पुढे बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना पोचतो. पोलाद लागतेच. आपला नांगराचा फाळ, विळा, ट्रॅक्टर, एवढेच काय, रूळसुद्धा पोलादाचेच. तेव्हा कोळशाला शिव्या देऊन भागणार नाही. प्रश्न आहे तो कसा न्यावा याचा.

साधा हिशेब

कोळशाची वाघीण वरून उघडी असते. एका पूर्ण मालगाडीला साधारण ५८-५९ वाघिणी, आणि एकेकीत सुमारे ५८ ते ६० टन माल. म्हणजे एका गाडीत जवळजवळ साडेतीन हजार टन कोळसा झाला. आता समजा, यातला हजारात एक भागच वाटेत उडाला किंवा गळाला. तरी साडेतीन टन झाले. दहा हजारांत एक भाग धरला, तरी साडेतीनशे किलो, म्हणजे पन्नास किलोची सात पोती. हा हिशेब मी केवळ समजण्यासाठी मांडला आहे. आपल्या शिवारात प्रत्यक्ष किती धूळ पडते हे मोजल्यावाचून सांगता येणार नाही, आणि तेच मोजावे अशी माझी मागणी आहे.

धूळ तीन वाटांनी येते. पहिली वरून: वाऱ्याने व गाडीच्या धक्क्याने ढिगाचा वरचा थर उडतो. दुसरी खालून: वाघिणीच्या दारांच्या फटींतून चुरा झिरपतो आणि रुळांच्या खडीत पडतो; पुढच्या प्रत्येक गाडीच्या वाऱ्याने तो पुन्हा उठतो. तिसरी वाट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, ती परतीच्या रिकाम्या गाड्यांची. रिकामी म्हणतो खरी, पण तळाला व कोपऱ्यांना भुकटी राहिलेली असते, आणि रिकामी गाडी अधिक हादरते. स्टेशनच्या लूप लाइनवर गाडी तासन् तास उभी राहिली की वाऱ्यागणिक ही भुकटी लगतच्या वस्तीत शिरते.

पावसाळ्यात ही धूळ दिसत नाही, म्हणून ती नाही असे आपण समजतो. ती पाण्याबरोबर गटारात, गटारातून ओढ्यात आणि सखल शेतात जाते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत मात्र ती हवेत असते. आणि नेमका तोच काळ काजू-आंब्याच्या मोहोराचा, मिरची-भाजीपाल्याचा आणि गवत साठवण्याचा.

शेतात काय होते

पानाचे काम उन्हातून अन्न तयार करण्याचे. पानावर काळा थर बसला की उजेड कमी मिळतो. पानाच्या खालच्या-वरच्या बाजूंना सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून झाड श्वास घेते व पाणी बाहेर टाकते. ती बारीक धुळीने बुजतात. शिवाय काळा रंग ऊन शोषतो, म्हणून पान अधिक तापते. एका दिवसात झाड मरत नाही. पण रोज थोडे थोडे कमी खाणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. मोहोरावर धूळ बसली तर परागीभवनात अडथळा येतो. एखाद्या वर्षी फळ कमी धरले की आपण ढगाळ हवेला, तुडतुड्याला दोष देतो. तो दोष असतोही. पण लोहमार्गालगतच्या ओळीतील झाडे आणि दोन शेते पलीकडील झाडे यांत फरक दिसतो का, हे कुणी नीट पाहिले आहे काय?

एक गैरसमज इथे दूर करतो. काही शेतकरी म्हणतात, "कोळसा म्हणजे राखच, पडली तर खतच होईल." हे खरे नाही. चुलीतल्या लाकडाच्या राखेत पालाश असतो, म्हणून ती नारळाच्या आळ्यात घालतात. दगडी कोळशाची भुकटी ही राख नव्हे. त्यातला कार्बन मातीत सहजी कुजत नाही आणि पिकाला त्याचा उपयोग होत नाही.

गुरांचेही तेच. लोहमार्गाच्या कडेचे गवत कापून आणतो, तेव्हा त्याबरोबर भुकटीही गोठ्यात येते. वैरण झटकून घालावी. दुभत्या जनावरांना शक्यतो कडेचे गवत घालू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. लोहमार्ग म्हणजे शेतांमधून घातलेला मातीचा लांबच लांब बांध. त्याखालच्या मोऱ्या साफ असल्या तर पाणी वाहते. मोरी खडीने, मातीने, कोळशाच्या गाळाने भरली की वरच्या अंगाचे भात कुजते आणि खालच्या अंगाला पाणी मिळत नाही. दुसरा रूळ टाकायचा म्हणजे बांध रुंद होणार. त्या वेळी जुनी मोरी लांबवली की अर्धवट ठेवली, यावर पुढच्या पन्नास पावसाळ्यांचे भात अवलंबून राहील.

छातीत काय होते

धूळ सारखी नसते. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाका-घशातून पुढे छातीत जातात. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात आणि तिथून रक्तातही शिरू शकतात. म्हणजे कपड्यावर जे काळे कण दिसतात, ते डोळ्यांना त्रास देतात. जे दिसत नाहीत, ते अधिक घातक. दम्याच्या मुलांना, गर्भवतींना, हृदयविकार असलेल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांचा त्रास अधिक होतो.

आपल्या देशाने २००९ साली हवेची जी मानके ठरवली, त्यांप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत १० मायक्रॉनपर्यंतची धूळ १०० मायक्रोग्रॅमपेक्षा व २.५ मायक्रॉनपर्यंतची ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याहून कडक मर्यादा सांगितल्या. तिथे हेच आकडे ४५ व १५ आहेत. आपल्या गावात हे आकडे काय आहेत? हवा मोजण्याचे यंत्र मोठ्या शहरात असते. शेतकऱ्याच्या अंगणात ते कुणी आणून ठेवत नाही.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक खोकला मालगाडीचा नसतो. ओल्या लाकडाची चूल, विडी, जाळलेला पालापाचोळा, रस्त्याची धूळ, या सर्वांचा वाटा असतो. क्षयरोगाचा खोकलाही असतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर गाडीला दोष देत घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी, ती फुकट होते. जिथे दम लागतो तिथे फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी करून घ्यावी. आपल्या घरातील धूर आपण कमी केला, तर बाहेरच्या धुळीविषयी बोलताना आपला शब्द अधिक वजनदार होतो.

आवाजाचाही विचार करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा धरली आहे. मध्यरात्री दोन वाजता घाटाकडे निघालेली जड गाडी, तिची इंजिने आणि भांडी वाजवणारी भिंतीची थरथर ज्याने अनुभवली, त्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

आपण गप्प का बसतो

आता अवघड गोष्टीकडे येतो. आपल्या धर्मग्रामात दोन प्रकारची घरे आहेत. एकांच्या चुलीवर भात शिजतो तो शेतावर. दुसऱ्यांच्या चुलीवर रेल्वेच्या पगारावर. पुष्कळदा ही दोन घरे म्हणजे दोन भाऊच असतात. मिस्सा झाल्यावर अंगणात धुळीचा विषय निघाला, की शेतकरी भाऊ तावातावाने बोलतो आणि रेल्वेतला भाऊ खाली मान घालून उभा राहतो. मग कुणीतरी विषय बदलतो. भांडण नको म्हणून आपण शांत राहतो आणि त्या शांततेला ख्रिस्ती सलोखा असे नाव देतो.

मला हा सलोखा खरा वाटत नाही. रेल्वेतल्या भावाचे फुप्फुस पोलादाचे नाही. खडीत बसलेला कोळसा फावड्याने उपसणारा गँगमन, गाड्या तपासत यार्डात फिरणारा कर्मचारी, घाटात मागून गाडी ढकलणाऱ्या इंजिनावरचा चालक, हे सर्व आपल्याहून अधिक धूळ खातात. आपण दिवसातून चार गाड्या पाहतो. ते गाडीबरोबरच राहतात. तेव्हा झाकलेली वाघीण ही शेतकऱ्याने रेल्वेविरुद्ध केलेली मागणी नाही. ती दोन्ही भावांची मागणी आहे. रेल्वेतल्या भावाने अर्जावर सही करावी असा आग्रह धरू नये. त्याची नोकरी आहे. पण त्याने आपल्याला अडवूही नये, आणि आपणही त्याच्यावर राग काढू नये.

दुसरी एक सबब ऐकू येते: "एवढ्या मोठ्या कारभारापुढे आपले कोण ऐकणार?" याला मी दोन उदाहरणांनी उत्तर देतो.

पहिले उदाहरण अमेरिकेचे. तेथील वायोमिंग राज्यातील खाणींतून कोळशाच्या प्रचंड गाड्या निघतात. मे २००५ मध्ये तेथील मार्गावर दोन गाड्या लागोपाठ घसरल्या. तपासात दिसले की कोळशाची धूळ खडीत साचून पाणी धरून ठेवते, खडी बसते आणि रूळ कमकुवत होतो. म्हणजे धुळीने शेजाऱ्याचे तर नुकसान केलेच, पण रेल्वेचेही केले. पुढे २०११ मध्ये तेथील रेल्वे कंपनीने नियम केला: कोळशाचा ढीग पावाच्या माथ्यासारखा गोल व दाबून भरावा, आणि त्यावर पापुद्रा धरणारे द्रावण फवारावे, जेणेकरून धूळ निदान ८५ टक्के कमी होईल. हे काम करण्यास कोणतेही मोठे शास्त्र लागत नाही. आपल्याकडे ताडपत्री आहे, पाण्याचा फवारा आहे. गवताच्या गंजीवर वाऱ्याच्या दिवसांत आपण जाळी टाकतो. तोच विचार आहे.

दुसरे उदाहरण घाटाखालचे. १ नोव्हेंबर २०२० रोजी, सकल संतांच्या सणाच्या रात्री, गोव्यातील चांदर गावी हजारो लोक रेल्वे फाटकापाशी जमले. मार्ग दुहेरी करण्याच्या कामाला त्यांचा विरोध होता, कारण दुहेरी मार्ग म्हणजे अधिक कोळसा असे त्यांना वाटत होते. त्यांत शेतकरी होते, मच्छीमार होते, तरुण मुले-मुली होत्या, धर्मग्रामांतील पुष्कळ माणसे होती. कॅसलरॉक ते कुळे हा घाट मोले येथील अभयारण्यातून जातो. त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. या भागात दुसरा रूळ टाकण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने परवानगी दिली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये म्हटले की या खर्चाने घाटाची क्षमता थोडीच वाढेल आणि जंगलाची हानी मात्र मोठी होईल. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने ती परवानगी रद्द केली.

मी हे सांगतो ते आपणही रात्री रुळावर जाऊन बसावे म्हणून नव्हे. रुळावर बसणे मला पसंत नाही. त्यात धोका आहे, आणि गाडीतल्या आजारी प्रवाशाचेही हाल होतात. मी एवढेच दाखवतो आहे की साध्या माणसांनी कागद धरून, चिकाटीने बोलले, तर ऐकले जाते.

काय मागावे

मागणी मोजकी व होण्यासारखी असावी. माझ्या मते ती पाच कलमांत मावते.

१. भरलेली वाघीण बंदरातून निघण्याआधी झाकली जावी, किंवा ढीग दाबून त्यावर धूळ धरणारे द्रावण मारले जावे. उन्हाळ्यात वाटेतल्या मोठ्या स्टेशनावर पुन्हा पाण्याचा फवारा असावा.

२. माल उतरल्यावर वाघिणी आतून साफ करूनच परत पाठवाव्यात, आणि दारांच्या फटी बुजवाव्यात.

३. वस्तीलगतच्या लूप लाइनवर कोळशाची गाडी कारणावाचून तासन् तास उभी ठेवू नये. फाटक अडवून तर मुळीच नाही. बाळंतपणाला निघालेली बाई किंवा साप चावलेला माणूस फाटकापाशी अडकला, तर तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

४. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोरड्या ऋतूत लोहमार्गालगतच्या वस्तीत हवा मोजावी आणि आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत.

५. मोऱ्या दर वर्षी मृगापूर्वी साफ कराव्यात; आणि जिथे नवा रूळ पडेल तिथे पाणी पूर्वीइतकेच मोकळे वाहील अशी मोरी व्हावी.

पाचव्या कलमाला कायद्याचा भक्कम आधार आहे, तो प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १६ वे कलम सांगते की लोहमार्गामुळे लगतच्या जमिनीच्या वापरात जी आडकाठी येते, ती दूर करण्यासाठी वाटा, पूल व मोऱ्या रेल्वेने बांधाव्यात व राखाव्यात. आणि लोहमार्गापूर्वी पाणी जितके मोकळे वाहत होते तितके ते वाहील, एवढ्या मापाच्या त्या असाव्यात. पण त्याच कलमात मुदतही आहे. मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षांनंतर आणखी नवी मोरी मागितली, तर तिचा खर्च करण्यास रेल्वेला सहसा भाग पाडता येत नाही. म्हणून काम चालू असतानाच बोलावे. खडी पडली, रूळ बसला, गाडी सुरू झाली, आणि मग पाणी तुंबले म्हणून ओरडलो, तर उशीर झालेला असतो.

आपण काय करावे

मागण्याआधी व मागताना आपलेही काम आहे. सर्वांत महत्त्वाचे काम वहीचे. "फार धूळ येते हो" हे वाक्य कुठल्याही कार्यालयात टिकत नाही. पण लोहमार्गालगतच्या दहा घरांनी एकेक शंभरपानी वही घातली, आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत रोज लिहिले: तारीख, गाडी किती वाजता गेली, भरलेली की रिकामी, झाकलेली की उघडी, किती वेळ उभी राहिली, घरात कुणाला धाप लागली काय, तर सहा महिन्यांनी त्या दहा वह्या म्हणजे पुरावा होतो. हे काम शाळेतली मुले उत्तम करतील. ओसरीवर पांढरी थाळी चोवीस तास ठेवून दुसऱ्या दिवशी तिचे छायाचित्र काढावे. आज घरोघरी मोबाइल आहे. त्याचा असाही उपयोग होऊ द्या.

वह्या झाल्या की ग्रामसभेत ठराव मांडावा. ठरावाच्या प्रती रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला व जिल्हाधिकाऱ्यांना द्याव्यात आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. मी स्वतः एकदा पोच न घेता अर्ज देऊन आलो होतो. दोन महिन्यांनी विचारले तर "असा कागद आलाच नाही" असे उत्तर मिळाले. चूक माझी होती. तेव्हापासून पोच घेतल्यावाचून मी पायरी उतरत नाही. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

घरात: कोरडा केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. पिण्याचे पाणी व विहीर झाकलेली असावी. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुवावी. मिरच्या, सांडगे, पापड घराच्या लोहमार्गाकडच्या अंगाला वाळत न घालता पलीकडच्या अंगाला घालावेत. पन्हाळीचे पहिल्या पावसाचे पाणी साठवू नये.

शेतात: आपल्याच हद्दीत, लोहमार्गाकडच्या बांधावर निर्गुडी, करंज, बांबू यांची दाट दुहेरी ओळ लावावी. झाडे धूळ अडवतात, वाराही अडवतात. पाणी असेल तर रोपवाटिकेवर पहाटे साध्या पाण्याचा फवारा मारावा.

आणि एक कळकळीची विनंती. उभ्या मालगाडीखालून वाकून पलीकडे जाऊ नका. शाळेला उशीर होतो, मिस्सेची घंटा होते, म्हणून आपण मुलांसमोर हे करतो, आणि मुले आपल्याकडे पाहून शिकतात. उभी गाडी शिट्टीवाचूनही हलते. मिस्सेला दहा मिनिटे उशीर झाला तर देव रागावणार नाही.

शेवटी एवढेच

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले, ते या सृष्टीला आपले सामायिक घर मानून तिची काळजी घेण्याविषयी होते. ते मोठमोठ्या सभांत वाचले गेले. पण सामायिक घर म्हणजे दूरचे काही नाही. लोहमार्गाच्या अलीकडचे शिवार, पलीकडची रेल्वे वसाहत आणि घाटाखालची गोव्यातील गावे, हे सर्व मिळून एक घर आहे. गोव्यातल्या भावांच्या अंगणात पडलेली धूळ आणि आपल्या अंगणात पडलेली धूळ एकाच वाघिणीतली आहे.

८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मदिनी आपण नव्या भाताची कणसे वेदीजवळ आणतो. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, मग ती घरी नेऊन आपण ठेवतो. पावसाने धुतलेली असतात, म्हणून ती हिरवी-सोनेरी दिसतात. तशीच स्वच्छ मिरची माघात आणि तसाच स्वच्छ मोहोर फाल्गुनातही आपल्या शिवारात असावा, एवढेच आपले मागणे आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर शेतकरी भावाने व रेल्वेतल्या भावाने दहा मिनिटे एकत्र बसावे, आणि पहिली वही कोणत्या घराने घालायची ते ठरवावे.